गोठा बंद, कुत्रं मोकळं

नोव्हेंबर २०२५मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची काही छायाचित्रं राज्यभर फिरली. शेतात कामाला निघालेल्या माणसांच्या गळ्यात पट्टे होते आणि पट्ट्यांवर बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे. आधीच्या तीन आठवड्यांत या परिसरात बिबट्यानं तीन बळी घेतले होते. पाच वर्षांची एक मुलगी, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अखेर वन खात्यानं बोलावलेल्या नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. शहरातल्या लोकांनी ते पट्टे पाहिले, हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या बातमीकडे वळले.

हा पट्टा मूळचा कुत्र्याचा. मेंढरांमागं रानोरान फिरणारे धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात तो पूर्वीपासून बांधत आले आहेत. बिबट्या भक्ष्याचा गळा धरतो. खिळे तोंडात रुतले की पकड ढिली पडते आणि कुत्र्याला निसटायला एक क्षण मिळतो. जी युक्ती वाड्यावरच्या राखणदारासाठी काढली होती, ती बागायती गावातल्या माणसांनी स्वतःच्या गळ्यात घातली.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांच्या जुन्नर वन विभागात बिबट्यावर जेवढं बोललं जातं, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही कुत्र्यावर बोललं जात नाही. पिंजरे किती लावले, बिबटे किती पकडले, सोडले कुठं, यावर सभा गाजतात. पण बिबट्या गावात येतो कशासाठी आणि राहतो कशाच्या जोरावर, हे शोधत गेलं की वाट बहुतेक वेळा वस्तीवरच्या कुत्र्यापाशी पोचते.

जुन्नरचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कड्याला भिडलेला. चावंड, हडसर, जीवधन, त्यापलीकडे नाणेघाट. काळ्या बेसाल्टचे उभे कडे, पावसाळ्यात त्यांवरून सुटणारे धबधबे, लेण्याद्रीच्या आणि मानमोडीच्या डोंगरांत कोरलेली लेणी, मध्यभागी शिवनेरी. माळशेजला धुकं बघायला जाणारी मुंबई-पुण्याची मंडळी हेच जुन्नर ओळखतात. डोंगर उतरून पूर्वेला नारायणगाव, ओझर, आळेफाट्याकडे आलं की चित्र पालटतं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथं बारमाही पाणी आणलं. ज्या रानात एके काळी बाजरी आणि हुलगा पिकायचा तिथं द्राक्षं आली, टोमॅटो आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो ऊस.

ऊस वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ रानात उभा असतो. पुरुषभर उंचीच्या वर गेला की आत दोन हातांवरचं दिसत नाही. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश असताना सरीत ओल आणि गारवा असतो. बिबट्याला दिवसभर पडून राहायला आणि पिल्लं घालायला यापेक्षा निवांत जागा डोंगरातही मिळणार नाही. त्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या आहेत. ‘जंगल सोडून गावात शिरला’ अशा मथळ्याच्या बातम्या अजून छापल्या जातात. ज्या जनावरानं जंगल कधी पाहिलंच नाही, ते सोडून येणार कुठून?

ऊसतोडीच्या हंगामात या सहवासाचं अगदी जवळून दर्शन घडतं. टोळी पहाटे फडात उतरते, कोयते चालू लागतात आणि मध्येच एखाद्या सरीतून मांजरीच्या पिल्लासारखा आवाज येतो. पाचटात दोन-तीन बछडी एकमेकांना चिकटून पडलेली असतात, कधी तर डोळेही न उघडलेली. तोड थांबते, मुकादम फोन लावतो. वन खात्याचे कर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य येतात. बछड्यांचं वजन होतं, अंगावरच्या गोचिड्या काढल्या जातात, त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवली जाते. संध्याकाळी त्यांना प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून, जिथं सापडली त्याच जागी ठेवतात. शेजारी कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. अंधार पडला की मादी येते. आधी बांधावर थबकते, वास घेते, मग पंजानं क्रेट कलंडवते आणि एकेक बछडं मानेला धरून घेऊन जाते. अशा कितीतरी भेटी कॅमेऱ्यात टिपल्या गेल्या आहेत. पिल्लं न मिळालेली मादी परिसरात घिरट्या घालत राहते आणि बिथरते. हे शेतकऱ्यांनाही आता ठाऊक झालं आहे. म्हणून ‘पिल्लं उचलून न्या’ म्हणणारेच ‘आजच्या आज तिला देऊन टाका’ असा आग्रह धरताना दिसतात.

जुन्नरच्या उत्तरेला, हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे अकोले तालुका लागतो. एका अंगाला कळसूबाई, भंडारदरा आणि दुसऱ्या अंगाला प्रवरेच्या काठची बागायती शेती. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी याच शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानं अनेकांना बुचकळ्यात टाकलं. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा मुलखात, ना अभयारण्य ना राखीव जंगल, तरी शंभर चौरस किलोमीटरमागं जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तेवढीच तरसंही निघाली.

मग हे बिबटे खातात काय? त्याच पट्ट्यातली बिबट्यांची विष्ठा गोळा करून, तिच्यातले केस तपासून केलेला अभ्यास २०१४ साली आला. बिबट्याच्या आहारातला वजनानं ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आधारानं जगणाऱ्या जनावरांचा होता. त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. मांजराचा १५ टक्के. शेळीचा फक्त ११. खरी मेख पुढंच आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळीचं मांस बिबट्याला कमी आवडतं असं काही नाही. शेळीला दिवसा राखणारं माणूस असतं आणि रात्री ती कोंडलेली असते. कुत्रं मात्र रात्रभर अंगणात, उकिरड्यावर, रस्त्यावर मोकळं हिंडतं.

या भागातली घरं गावठाणात दाटीनं नसतात. ज्याचं रान त्याची वस्ती. चार भावांची चार घरं, पुढं ओटा, बाजूला गोठा, मागं उभा ऊस. अशा वस्तीवर कुत्रं लागतंच. चोराचिलटाची चाहूल तेच देतं आणि बिबट्या आला की सगळ्यांत आधी भुंकतंही तेच. त्यानं भुंकून घर जागं करावं ही त्याची नोकरी आणि भुंकताना त्याच्याच नरड्याला धोका. रात्री एकदम केकाटल्याचा आवाज येतो, बॅटरी घेऊन कोणी बाहेर पडेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. सकाळी उसाच्या कडेला फरफटत नेल्याची खूण दिसते. आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या तरी कुत्रीची पिल्लं येतात, त्यातलं एक उचलून आणलं जातं आणि रिकामी जागा भरते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी मेली तर पंचनामा होतो, सरकार भरपाई देतं. भरपाईच्या यादीत कुत्रा नाही. म्हणून कुणी तक्रार करत नाही आणि म्हणून नोंदही होत नाही. बिबट्याच्या आहारातला सगळ्यांत मोठा घास सरकारी कागदावर उमटतच नाही. एखाद्या वस्तीवरून महिन्यात तीन कुत्री गेली, तर बिबट्याची मादी पिल्लांसह जवळ मुक्कामाला आहे, हे त्या वस्तीवरच्या पोरासोरांनाही कळतं. ही माहिती वेळेवर वनरक्षकापर्यंत पोचली तर पुढचं कितीतरी टळेल. पण ज्याची भरपाई नाही त्यासाठी फोन कोण करणार?

बिबट्या उचलून दुसरीकडं नेऊन सोडणं हा उपाय सगळ्यांना सोपा वाटतो. जुन्नरनं तो करून पाहिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडण्याची मोहीम चालली. त्यानंतर २००३पर्यंत ही सरासरी सतरावर गेली. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हा हिशेब मांडला. हल्ले सव्वातीनशे टक्क्यांनी वाढले होते आणि त्यात जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं होतं. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, माणसांच्या गर्दीनं बिथरलेला बिबट्या घराची वाट शोधत फिरतो. त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बऱ्याचदा तरुण बिबट्या पटकावतो. एक प्रश्न सोडवायला जावं तर दोन ठिकाणी दोन प्रश्न उभे राहतात.

वाट शोधत फिरणं म्हणजे काय, हे ‘आजोबा’नं दाखवून दिलं. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला हा पोक्त नर विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. तिथून तो निघाला तो थेट मुंबईच्या दिशेनं. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग, मग महामार्ग, पुढं खाडी ओलांडत महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. एवढ्या वाटेवर त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. २०१४ साली त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला.

आजोबा जिथं पोचला तिथली गोष्टही कुत्र्याचीच आहे. संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी इमारती आणि झोपडपट्ट्या. २०१५च्या कॅमेरा गणनेत उद्यान आणि आरे परिसरात ३५ बिबटे दिसले. कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग. हे बिबटे वर्षाला सुमारे पंधराशे कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारेक प्रसंग टळत असावेत, असा अंदाज २०१८ साली एका शोधनिबंधात मांडला गेला. रेबीजच्या सावटाखाली असलेल्या शहरात ही लहान गोष्ट नाही.

पण हे आकडे ऐकून बिबट्याला मुंबईचा सफाई कामगार ठरवणाऱ्यांनी २००२ ते २००४ हा काळ आठवावा. तेव्हा याच उद्यानाच्या कडेनं माणसांवरच्या हल्ल्यांची मालिकाच लागली होती. २०११मध्ये वन खातं, अभ्यासक आणि नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात बिबटे पकडण्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवर भर दिला गेला. कचरा वेळेवर उचला, पाड्यांवर दिवे लावा, मुलांना अंधारात एकटं परसाकडे पाठवू नका, बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा मागू नका. कंटाळवाणी वाटावीत अशी ही कामं. हल्ले कायमचे थांबले नाहीत, आरेमध्ये नंतरही काही घटना घडल्या. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा ही सवय मोडायला सुरुवात झाली.

दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला लागतो. आश्विन वद्य द्वादशीला गाय-वासराची पूजा करून आपण सण सुरू करतो. त्याच तिथीला अकोले, जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर, पालघर-ठाण्यातले वारली वाघबारस करतात. गावाच्या शिवेवर वाघोबाचं ठाणं असतं. कुठं शेंदूर फासलेला दगड, कुठं लाकडी फळीवर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. गुराखी तिथं जमतात, नैवेद्य होतो, वर्षभर गुरंढोरं सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घातलं जातं. काही गावांत एखादा गडी वाघ होतो आणि बाकीचे त्याला शिवेपार पिटाळतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. या श्रद्धेमुळं वारल्यांचं नुकसान होत नाही असं मुळीच नाही. त्यांचीही कोंबडी जाते, शेळी जाते, आणि ते चिडतातही. पण वाघ हा शेजारी आहे, त्याच्याशी देणंघेणं ठेवायचं असतं, शीव दोघांनी पाळायची असते, ही समजूत तिथं टिकून आहे.

बागायती पट्ट्यात ही समजूत चालेल का? ज्या आईनं अंगणातून लेकरू गेलेलं पाहिलं, तिला सहजीवनाचं व्याख्यान देणं हा निर्दयपणा आहे. जुन्नर वन विभागातली २३३ गावं बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली आहेत. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर सरकार पंचवीस लाख रुपये देतं. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच असतं की पैसे नकोत, रात्रीचं भय घालवा. त्यांच्या मागण्यांची यादी नीट वाचली तर तीत बिबट्यापेक्षा वीज जास्त येते. शेतीपंपाची वीज आळीपाळीनं, आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. थ्री फेज आली की बाराला उठून बारं द्यायला जावं लागतं. उसातून, एकट्यानं, वाकून. उभ्या माणसापुढं बिबट्या सहसा बाजूला होतो. वाकलेलं, बसलेलं किंवा लहान चणीचं माणूस त्याला भक्ष्यासारखं भासतं. बळींमध्ये मुलं, म्हातारी माणसं आणि खुरपणीला बसलेल्या बाया जास्त का, याचं उत्तर यात आहे. दिवसा वीज मिळणं ही या मुलखात जीव वाचवणारी गोष्ट आहे.

सध्या बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा जोरात आहे. मर्यादित प्रयोगाला केंद्रानं संमती दिली आहे. जुन्नर तालुक्यातल्या आंबेगव्हाणला बिबट सफारी उभारायचं घाटतं आहे. पकडलेले बिबटे ठेवायला माणिकडोहची जागा केव्हाच अपुरी पडू लागली. माणसावर हल्ला करण्याची सवय लागलेला बिबट्या पकडावाच लागतो, वेळ आली तर मारावाही लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्यासाठीही ती तरतूद आहे. पण एक गेला की त्या जागी दुसरा येतो, कारण जागा तीच आणि जेवण तेच.

म्हणून पुन्हा कुत्र्याकडे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. कोंबड्यांच्या शेडमागं फेकलेली मेलेली पाखरं, हॉटेलांचं खरकटं, बाजाराच्या गावातला मटण-मासळीचा कचरा यावर ती वाढतात आणि त्यांच्यावर बिबटे. कुत्री एका झटक्यात नाहीशी करावीत असं कुणीही जाणता माणूस सुचवणार नाही. भुकेला बिबट्या मग गोठ्याकडे वळेल. क्रम उलटा हवा. आधी गोठे वरून-खालून जाळीनं बंद करायचे, मग उकिरडे, मग कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण. असं केलं तर बिबट्याचं अन्न हळूहळू आटेल आणि त्याची संख्याही त्या मानानं उतरेल. लसीकरणाला आणखी एक कारण आहे. २०१८ साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले, त्यांतल्या अनेकांना कॅनाइन डिस्टेंपर झाला होता. कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा हा रोग आहे.

यात शहरातल्या वाचकाचाही वाटा आहे. माळशेज, भंडारदरा, मुळशी, कर्जत. डोंगराच्या पायथ्याला गुंठ्यांचे तुकडे पाडून बांधलेली फार्महाउसं आता सगळीकडे दिसतात. मालक शनिवारी येतो, सोबत लॅब्राडोर आणतो किंवा तिथंच कुत्रं ठेवून जातो. पार्टीचं उरलंसुरलं कुंपणाबाहेर पडतं. सोमवारी रात्री सीसीटीव्हीत बिबट्या कुत्रं नेताना दिसतो आणि ती चित्रफीत गटागटांत फिरते. मालक नवं कुत्रं आणतो. त्या कुंपणाला सरावलेला बिबट्या मात्र पुढं शेजारच्या पाड्यावर जातो, जिथं लोखंडी फाटक नसतं.

दिवाळी झाली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतील. बीडकडच्या टोळ्या येतील, फडाशेजारी पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या पडतील, लेकरं उघड्यावर निजतील आणि तुटत्या उसाबरोबर बिबटे एका फडातून दुसऱ्या फडात सरकतील. धोका सगळ्यांत जास्त याच महिन्यांत असतो. कारखान्यांनी टोळ्यांना पक्क्या निवाऱ्यात, उजेडात ठेवावं. महावितरणनं निदान या हंगामात, निदान या गावांना दिवसा वीज द्यावी. वन खात्यानं मेलेल्या कुत्र्याचीही नोंद घ्यायला सुरुवात करावी, त्यासाठी भरपाईचा निर्णय लागत नाही, एक वही पुरते. आणि ज्यांचं डोंगराच्या कडेला घर आहे, वस्ती असो की फार्महाउस, त्यांनी आज दिवे लागायच्या आत आपलं कुत्रं घरात घ्यावं.